विद्यार्थी ते नागरिक : अमेरिकेतील एका हक्काची कहाणी



अलीकडे आपल्या घरांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो. “मुलगा अमेरिकेत शिकायला गेला त्याला बारा वर्षे झाली. तिथेच नोकरी लागली. आता ग्रीन कार्डही हाती आले. म्हणजे तो तिथला नागरिकच झाला, नाही का?” विचारणाऱ्या आईबापांच्या स्वरात अभिमान असतो, तशी थोडी धाकधूकही असते. आनंद मानावा, की मुलगा कायमचा दुरावला म्हणून खंत करावी, हे त्यांना उमगत नसते.

या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. नागरिकत्व ही त्यापुढची पायरी असून तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी परीक्षा आणि वेगळी शपथ आहे. शिवाय त्या बारा वर्षांपैकी विद्यार्थीदशेची वर्षे हिशेबात धरलीच जात नाहीत. कोकणपट्टीतील ज्या घरांची कर्ती माणसे आखातात राबली, त्यांना हा प्रकार नवा वाटतो. आखातात नोकरी आहे तोवर इकामा, नोकरी संपली की परतीचे तिकीट, असा रोकडा व्यवहार. तेथे नागरिकत्वाची आशा सहसा कोणी धरत नाही, म्हणून निराशाही होत नाही. अमेरिकेचे तसे नाही. तेथे परक्या विद्यार्थ्याला नागरिक होण्याची वाट आहे. परंतु ती आपल्या माणसांसाठी नेहमीच खुली नव्हती. हे दार कोणी बंद केले, कोणी ठोठावले आणि ते कसे उघडले, हे कळल्यावाचून आजच्या अर्जातील रकान्यांचे महत्त्व ध्यानात येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

कायद्यातील एक अट

अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० मध्ये केला. त्यात दोन वर्षांच्या वास्तव्याची अट होती. १७९५ मध्ये ती पाच वर्षांची झाली. १७९८ मध्ये परकीयांच्या भीतीपोटी ती एकदम चौदा वर्षांवर नेण्यात आली आणि १८०२ मध्ये पुन्हा पाचावर आली. सर्वसाधारण अर्जदारासाठी ही पाच वर्षांची अट आजतागायत कायम आहे. तेव्हा आज तुमच्या मुलाला जी पाच वर्षे मोजावी लागतात, त्या मोजणीला सव्वादोनशे वर्षे होऊन गेली आहेत.

पण १७९० च्या कायद्यात याहून कठीण अशी दुसरी अट होती. नागरिकत्वाचा अर्ज फक्त ‘स्वतंत्र गौरवर्णीय’ व्यक्तीलाच करता येईल, असे त्यात लिहिले होते. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली. मधे राहिले ते आशियातील लोक. ते गोरे नव्हेत आणि आफ्रिकी वंशाचेही नव्हेत. कर भरा, शेते पिकवा, विद्यापीठात पदव्या मिळवा; पण नागरिक होता येणार नाही, अशी त्यांची अवस्था होती.

आरंभी आपल्याकडून जे विद्यार्थी तिकडे गेले, त्यांना या अटीची झळ लागली नाही, कारण त्यांचे मन परतीकडेच होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्या. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी मात्र पुढे न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना मायेने सांभाळले त्यांच्या दफनभूमीत, विसावल्या. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि परतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही परतले. विद्यार्थी म्हणजे पाहुणा आणि पाहुण्याने शिदोरी घेऊन घरी परतायचे, हीच त्या काळची रीत होती.

पुढे कायद्यानेही हीच कल्पना पक्की केली. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियातील मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी घातली, पण विद्यार्थ्यांना त्यातून वगळले. विद्यार्थी चालत होता, कारण तो शिकून परत जाणार होता. आजही विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याला ‘शिक्षण संपल्यावर परत जाईन’ असे अधिकाऱ्याला पटवावे लागते, आणि त्या व्हिसावरची वर्षे नागरिकत्वाच्या मोजणीत धरली जात नाहीत. पाहुणा म्हणून काढलेल्या दिवसांवर घरचा हक्क सांगता येत नाही, असा हा साधा हिशेब आहे.

बाही वर करून दाखवा

वाचकहो, आता अशा काही माणसांची ओळख करून घेऊ, ज्यांनी परत न जाण्याचे ठरवले. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेल्या सर्वांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. मुसलमान असो, शीख असो, वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत तो हिंदूच. धर्म कोणता याची पुसतपास फारशी नसे. कातडीचा रंग कोणता, याची मात्र कसून चौकशी होई.

कलकत्त्यात जन्मलेला, अफगाण आईबापांचा अब्बा डोला नावाचा एक गृहस्थ जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरी राहत होता. त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला, तेव्हा न्यायालयात त्याला कोटाची आणि सदऱ्याची बाही वर करायला सांगण्यात आले. उन्हापासून झाकलेली दंडाची कातडी उजळ निघाली, निळ्या शिरा स्पष्ट दिसल्या. गोऱ्यांसाठी राखलेल्या दफनभूमीत त्याने जागा विकत घेतली होती, हीही गोष्ट पुराव्यात आली. त्याला नागरिकत्व मिळाले आणि त्यावरचे सरकारचे अपील १९१० मध्ये फेटाळले गेले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थाचे नागरिकत्व मान्य केले. म्हणजे एका न्यायाधीशाला जो गोरा दिसे, तो दुसऱ्याला काळा दिसू शकत होता. माणसाचा हक्क त्याच्या दंडावरील शिरांवरून ठरत होता.

विद्यार्थी, सैनिक आणि सर्वोच्च न्यायालय

हा गोंधळ मिटवणारा खटला भगतसिंग थिंड यांचा. हे आपले हुतात्मा भगतसिंग नव्हेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. थिंड अमृतसर जिल्ह्यातले. १९१३ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि ऑरेगॉन राज्यातील लाकडाच्या गिरण्यांत राबले. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, ते अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. पगडी बांधूनच त्यांनी सेवा केली आणि सन्मानाने निवृत्त झाले. त्याच डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चारच दिवसांत ते काढून घेण्यात आले. त्यांनी ऑरेगॉनच्या न्यायालयात पुन्हा अर्ज केला. १९२० मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. सरकार अपिलात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

त्याआधी तीनच महिने, नोव्हेंबर १९२२ मध्ये, याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नकार दिला होता. ओझावा हेही कॅलिफोर्नियात विद्यार्थी म्हणून शिकलेले. ‘गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तुम्ही त्या वंशाचे नाही’, असे त्यांना सांगण्यात आले. थिंड यांच्या बाजूने तोच धागा पकडण्यात आला : मानववंशशास्त्राचे पंडित उत्तर हिंदुस्थानच्या लोकांना कॉकेशियन म्हणतात, तेव्हा आम्ही गोरे. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल वाचला. शास्त्र काय म्हणते ते येथे कामाचे नाही. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि सामान्य माणूस थिंड यांना गोरा समजत नाही. एकाला शास्त्राच्या आधारे नकार मिळाला, दुसऱ्याला शास्त्र बाजूला सारून. दार बंद ठेवायचेच ठरले, की कुलूप कोणतेही चालते!

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास अर्धवट राहील. थिंड यांच्या वतीने जी मांडणी झाली, तिच्यात उच्चवर्णीय आर्य असल्याचा, इतर आशियाई लोकांशी आपले रक्त न मिसळल्याचा अभिमान होता. ‘हा कायदाच अन्यायाचा आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘आम्ही त्यांच्यासारखे नाही, आम्ही तुमच्यासारखे आहोत’ असे सांगितले गेले. त्या काळच्या कायद्यात दुसरी वाट अरुंद होती हे खरे. परंतु दुसऱ्याला खालच्या पायरीवर उभे करून आपण वर चढू पाहिले, तर ती पायरी आपल्याही पायाखालून सरकते, हा धडा आपण घेतला पाहिजे. जातपात, बिरादरी आणि खानदान यांचा तोरा आपल्यातही कमी नाही.

मिळालेले नागरिकत्व गेले

थिंड खटल्याचे परिणाम थिंड यांच्यापुरते राहिले नाहीत. ज्यांना आधी रीतसर नागरिकत्व मिळाले होते, अशा हिंदुस्थानी लोकांची कागदपत्रे सरकारने शोधून काढली आणि ‘तुम्हांला ती चुकून मिळाली’ असे म्हणून ती रद्द करण्याचे खटले भरले. अनेकांचे नागरिकत्व गेले. तारकनाथ दास हे शिकण्यासाठी गेलेले बंगाली क्रांतिकारक १९१४ मध्ये नागरिक झाले होते. त्यांच्या पत्नी मेरी जन्माने अमेरिकन, पण नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याची पत्नी म्हणून खुद्द त्यांच्या नागरिकत्वावर गदा आली. त्या वेळच्या कायद्यात स्त्रीचे नागरिकत्व पतीच्या वंशाला असे बांधलेले होते.

पेशावरचे वैष्णोदास बगाई यांची कथा तर काळीज पिळवटणारी आहे. १९१५ मध्ये ते पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. दुकान थाटले, १९२१ मध्ये नागरिक झाले. पुढे नागरिकत्व हिरावले गेले. नागरिक नसलेल्या आशियाई माणसाला कॅलिफोर्नियात जमिनीची मालकी ठेवता येत नसे, त्यामुळे मालमत्ताही संकटात आली. मायदेशी आप्तांना भेटायला जावे तर ‘ब्रिटिश पासपोर्ट घ्या’ असे उत्तर मिळाले. ज्या ब्रिटिश सत्तेला नकार देऊन ते आले, तिचीच प्रजा म्हणवून घेणे त्यांना मान्य नव्हते. एक देश स्वीकारत नव्हता, दुसऱ्याचा स्वीकार करवत नव्हता. १९२८ मध्ये त्यांनी आपली जीवनयात्रा संपवली. मागे ठेवलेल्या पत्रांतील एक त्यांनी वर्तमानपत्राला उद्देशून लिहिले होते. कला बगाई यांनी मुलांना वाढवले, शिकवले. १९४६ नंतर त्यांना स्वतःलाही नागरिकत्व मिळाले. आज कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

याच काळात एका माणसाने हार मानली नाही. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले. सरकारने त्यांच्यावरही खटला भरला. त्यांचे म्हणणे असे, की सक्षम न्यायालयाने दिलेला निकाल, ज्याच्यावर भरवसा ठेवून मी वकिली सुरू केली, घर केले, संसार केला, तो वर्षानुवर्षांनंतर उलटवता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर असे खटले थंडावले. आपल्या मुलांनी वकिली का शिकावी, असे कोणी विचारले तर पंडितांचे नाव सांगावे. थिंड यांनाही अखेर न्याय मिळाला. पहिल्या महायुद्धातील आशियाई सैनिकांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाला आणि १९३६ मध्ये ते तिसऱ्यांदा, आणि कायमचे, नागरिक झाले.

ज्यांना ही वाट बंद दिसली, त्यांतील काहींनी दुसरी कर्मभूमी शोधली. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी तेथे मोलाचे काम केले. आपल्या मराठी मातीतला हा विद्यार्थी ज्या देशात शिकला त्याच्या नव्हे, तर शेजारच्या देशाच्या कामी आला.

बीजगणिताची साक्ष

मुसलमान वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावेत असे दोन निकाल आहेत. डिसेंबर १९४२ मध्ये मिशिगन राज्यातील न्यायालयाने अहमद हसन या येमेनी अर्जदाराला नाकारले. कारण देताना त्याच्या सावळ्या वर्णाबरोबरच मुस्लिम जग हे युरोपच्या ख्रिस्ती लोकांहून वेगळे असल्याचेही न्यायाधीशांनी लिहिले. दीड वर्षाच्या आतच, १९४४ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यात मोहम्मद मोहरिएझ या अरब अर्जदारापुढे तोच प्रश्न आला. तेथील न्यायाधीश वायझन्स्की यांनी इब्ने सिना आणि इब्ने रुश्द यांची नावे घेतली, बीजगणित आणि वैद्यक यांचा दाखला दिला, स्पेन आणि सिसिलीच्या वास्तुकलेची आठवण करून दिली, आणि अर्ज मंजूर केला.

विद्यार्थी मित्रांनो, क्षणभर थांबून विचार करा. हजार वर्षांपूर्वी बुखारा आणि कॉर्डोव्हा येथे जन्मलेल्या विद्वानांची पुण्याई एका अनोळखी गरजवंताच्या कामी बोस्टनच्या कचेरीत आली. दंडाची कातडी दाखवून मिळालेला हक्क आणि पूर्वजांच्या विद्येच्या साक्षीने मिळालेला हक्क, यांत किती अंतर आहे!

शंभर जागा

दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदलले. हिंदी सैनिक दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत होते, हिंदुस्थान स्वतंत्र होण्याच्या बेतात होता, आणि अशा देशाच्या माणसाला वंशामुळे नागरिक होता येत नाही हे अमेरिकेलाच लाजिरवाणे होऊ लागले. इंडिया लीग ऑफ अमेरिकाचे जे. जे. सिंग यांनी न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या वर्तुळात प्रचार केला. इंडिया वेल्फेअर लीगचे मुबारक अली खान यांनी वर्षानुवर्षे तेथे राबणाऱ्या हिंदुस्थानी शेतकऱ्या-कामगारांची बाजू काँग्रेसपुढे मांडली. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि नव्याने येण्यासाठी वर्षाला अवघ्या शंभर जागा मिळाल्या. शंभर हा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण दार किलकिले झाले होते.

त्या दारातून आत गेलेल्यांत दलीपसिंग सौंद हे एक. १९२० मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून आले आणि १९२४ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली. एवढी पदवी असून मनाजोगी नोकरी कुठली! इंपीरियल व्हॅलीत त्यांनी शेती केली. नागरिक नसल्याने जमीन स्वतःच्या नावे करता येईना. १९४६ चा कायदा झाल्यावर त्यांनी अर्ज केला आणि डिसेंबर १९४९ मध्ये नागरिक झाले. पुढच्याच वर्षी ते वेस्टमोरलंड गावच्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत निवडून आले, पण नागरिक होऊन एक वर्ष पुरे झाले नव्हते म्हणून पद नाकारण्यात आले. तीस वर्षे वास्तव्य झाले होते, तरी हिशेबात काही महिने कमी पडले! ते खचले नाहीत. १९५२ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि त्या पदावर बसले. १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. तेथे पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य होत.

१९५२ च्या कायद्याने नागरिकत्वातील वंशाची अट पूर्णपणे पुसून टाकली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी ज्या कायद्यावर सही केली, त्याने देशवार वाटलेले जुने विषम कोटे संपवले आणि शिकलेल्या, कुशल माणसांना येण्याचा मार्ग मोकळा केला. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतर.

या नव्या काळातील विद्यार्थ्याचा नमुना म्हणून फजलुर रहमान खान यांच्याकडे पाहावे. ढाक्याचा हा तरुण १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात आला. तीन वर्षांत दोन मास्टर्स पदव्या आणि डॉक्टरेट मिळवून मायदेशी गेला, काही काळाने शिकागोला परतला आणि १९६७ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला. शिकागोतील शंभर मजली जॉन हॅनकॉक इमारत आणि ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर त्यांच्या बुद्धीतून उभे राहिले. जेद्दा विमानतळावरील हज टर्मिनलचे तंबूंसारखे छत आपल्यापैकी अनेक हाजींनी पाहिले असेल, त्याच्या रचनेतही त्यांचा वाटा आहे. १९७१ मध्ये जन्मभूमीवर संकट कोसळले, तेव्हा या अमेरिकन नागरिकाने शिकागोत मदतीसाठी संघटना उभी केली. पासपोर्टाचा रंग बदलला म्हणून माणसाची माया आटत नाही, याला याहून वेगळा दाखला नको.

आजची वाट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजचा क्रम साधारणपणे असा आहे. प्रथम विद्यार्थी व्हिसा. पदवीनंतर एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत आणखी दोन वर्षे, प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची परवानगी. मग मालकाने अर्ज केल्यास एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. आणि मग ग्रीन कार्ड. येथे मोठी रांग आहे. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे ठरवली आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतील साधारण सात टक्केच ठेवले. भारतातून अर्ज करणारे फार, म्हणून आपल्या मुलांची प्रतीक्षा इतरांहून लांब, कित्येकदा दहा वर्षांहूनही अधिक असते. या रांगेत आईबापांबरोबर उभी असलेली मुले २१ वर्षांची झाली, की बहुधा आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात.

ग्रीन कार्ड मिळाले, की त्या तारखेपासून पाच वर्षांची मोजणी सुरू होते. नागरिक जोडीदाराबरोबर संसार असल्यास ती तीन वर्षांची आहे. अर्ज मुदतीच्या आधी ९० दिवसांत करता येतो. पाच वर्षांपैकी निदान अर्धा काळ, म्हणजे तीस महिने, प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेला असावा लागतो. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास प्रश्न विचारले जातात. वर्षभर राहिल्यास मोजणी तुटते. आजारी आईच्या उशाशी बसायला आलेल्या मुलाला ‘अजून दोन महिने राहा’ म्हणताना पालकांनी ही गोष्ट मनात ठेवावी. मुलगा घाईने निघतो ते दर वेळी माया आटल्यामुळे नसते.

अर्जात पाच वर्षांतील पत्ते, नोकऱ्या, प्रवास, कर आणि वर्तन यांची विचारणा असते. पुढे इंग्रजीची व नागरिकशास्त्राची परीक्षा, मुलाखत आणि शेवटी शपथ. जोवर शपथ झाली नाही तोवर माणूस नागरिक नाही. ग्रीन कार्डधारकाने चुकून मतदान केले किंवा आपण नागरिक असल्याचे खोटे सांगितले, तर त्याला देशाबाहेर काढले जाऊ शकते. गंभीर गुन्ह्यामुळे ग्रीन कार्डही जाऊ शकते. नियम आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना त्या दिवसाचे नियम पाहावेत. गल्लीतल्या एजंटाच्या किंवा दूरच्या नातेवाइकाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या घराशी निगडित आहे. आपल्यात नाव लिहिण्याची एकवाक्यता नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख मोहम्मद’, रेशनकार्डावर ‘मोहमद शेख’, पासपोर्टवर सगळे नाव एकाच रकान्यात. अशा वेळी अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव माहीत नाही’, अशी अक्षरे येतात आणि ती पदवीपासून पगारापर्यंत पाठ सोडत नाहीत. नागरिकत्वाच्या वेळी नाव बदलून घेता येते हे खरे. पण पहिलीच्या वर्गात नाव घालताना वडिलांनी पाच मिनिटे विचार केला, तर मुलाची पंधरा वर्षांची कटकट वाचेल.

काय मिळते, काय सुटते

शपथ घेणाऱ्याने दुसऱ्या बाजूचाही हिशेब करावा. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि तो जवळ बाळगून वापरणे हा गुन्हा ठरतो. २००५ पासून ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ ही नोंदणी मिळते. तिच्यामुळे आयुष्यभर येण्याजाण्याला व्हिसा लागत नाही. पण मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नावात ‘सिटिझन’ असले तरी ते दुहेरी नागरिकत्व नव्हे. गावाकडे वाडी-शेती असलेल्या कुटुंबांनी हे आधीच समजून घ्यावे.

मग नागरिकत्व घ्यावे की न घ्यावे? हे ठरवणारे आपण कोण! केतकर-आंबेडकर परतले आणि त्यांनी आपले जीवन सार्थकी लावले. सौंद आणि खान राहिले आणि त्यांनीही लावले. मुलाने जेथे मूळ धरले तेथे त्याला मत देण्याचा, निवडणूक लढवण्याचा, ताठ मानेने बोलण्याचा हक्क असावा, यात गैर काहीच नाही. फक्त एवढेच व्हावे, की तो हक्क त्याने समजून घ्यावा. ज्या अर्जावर तो सही करतो, त्यात आज वंशाचा प्रश्न अट म्हणून उरलेला नाही. तो खोडला जावा म्हणून एका सैनिकाने तीनदा अर्ज केला, एका दुकानदाराने प्राण दिला, एका वकिलाने सरकारशी झुंज घेतली आणि एका शेतकऱ्याने डॉक्टरेट असून तीस वर्षे वाट पाहिली.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जो कोणी उद्या परदेशी जाईल, त्याने आपली कागदपत्रे नीट सांभाळावीत, तारखा लिहून ठेवाव्यात, खोटे कधी लिहू नये, आणि नागरिक झालाच तर आपल्यामागून दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला, मग तो कोणत्याही देशाचा आणि कोणत्याही धर्माचा असो, हिणवू नये. आणि पालकांनो, मुलगा शपथ घेऊन आल्याचे सांगेल त्या दिवशी ‘आता तू आमचा राहिला नाहीस’ असे म्हणू नका. त्याला सव्हानाच्या अब्बा डोलाची गोष्ट सांगा, आणि ईदला घरी ये म्हणून सांगा.